परसातले प्रश्न : ट्यूलिप दुसऱ्या वर्षी का फुलत नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. मागच्या वर्षी ट्यूलिपचे आठ कांदे मागवले होते, ‘थंडी दिलेले’ असं पाकिटावर लिहिलं होतं. डिसेंबरात कुंड्यांत लावले आणि जानेवारीअखेर पाच फुलले. शेजारीपाजारी बघायला येत होते. पानं वाळल्यावर कांदे काढून ठेवले, त्यांतले तीनच धड राहिले. सप्टेंबरपासून ते फ्रीजमध्ये ठेवले आणि डिसेंबरात पुन्हा लावले. आता प्रत्येकाला एकेक रुंद पान आलंय, कळीचा पत्ता नाही. माझी मुलगी नेदरलँड्सला असते, तिच्या अंगणात दरवर्षी आपोआप फुलतात. इथे तसं व्हायला काय करू? दिवाळीत ती येईल तेव्हा तिकडचे कांदे आणायला सांगू का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : त्या एका रुंद पानातच सगळं आलं. आपण लावतो तो ट्यूलिपचा कांदा फूल देऊन संपतो. देठ, पानं आणि फूल वाढवण्यात त्याचा साठा खर्च होतो आणि त्याच्या जागी, त्याच्याच सालीआड, नवी पिल्लं धरतात. पुढच्या वर्षी उगवतं ते हे पिल्लू. विकायचे कांदे घेरावर निवडतात, १२ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त घेराचा कांदा चांगला मानतात. पिल्लू बारीक राहिलं तर त्याच्यात कळी धरण्याइतका जीवच नसतो. मग ते एक पान काढतं आणि गप्प बसतं. तुमची तिन्ही पिल्लं अशीच बारीक राहिली.

ती बारीक का राहिली? फूल गळल्यानंतर पान हिरवं असेपर्यंतच पिल्लू भरतं. नेदरलँड्समध्ये एप्रिल-मेची हवा गार असते आणि पान दीडेक महिना टिकतं. आपल्याकडे फेब्रुवारीच्या दुपारी पारा ३० च्या वर गेला की पान पंधरा दिवसांत पिवळं पडतं. पिल्लाला पोसायला वेळच मिळत नाही.

ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या तिआन शान आणि पामीरच्या डोंगरउतारांवरचा. तिथे हिवाळाभर कांदा बर्फाखाली गारठलेला, वसंतात बर्फ वितळून ओल, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्या कोरड्या उबेत कांद्याच्या पोटात पुढच्या वर्षीची कळी तयार होते. मग तिचा देठ लांबायला १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ पासून जी मोठी ट्यूलिप बाग आहे, तिथे ही थंडी आयती मिळते. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा १९-२० च्या आसपासच असतो. शिवाय कांद्याने कोरडं झोपायचे जे महिने, नेमक्या त्याच जून ते सप्टेंबरमध्ये गोव्यात वर्षाचा ३००० मिलिमीटरच्या घरातला पाऊस जवळजवळ सगळा कोसळतो. फ्रीज हिवाळा देतो. वसंत आणि उन्हाळा कुठून आणायचा?

मी प्रियोळला माझ्या घरी तीन हिवाळे हा खटाटोप केला. पहिल्या वर्षी बारा कांदे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. चतुर्थी नुकतीच आटोपली होती, नैवेद्याची सफरचंदं आणि केळी त्याच फ्रीजमध्ये गेली. पिकणाऱ्या फळांतून एथिलीन वायू सुटतो आणि कांद्यातली कोवळी कळी त्याने जागच्या जागी करपते. बाराही कांदे उगवले, पण प्रत्येकाच्या पानांत सुकलेली, कागदासारखी कळी निघाली. त्या दिवशी मी तुळशीसमोरच्या पायरीवर कितीतरी वेळ ती कळी हातात घेऊन बसले होते. दुसऱ्या वर्षी फळं दुसरीकडे ठेवली आणि नऊ फुलं मिळाली, देठ मात्र वीतभरच. तिसऱ्या वर्षी जुनी पिल्लं जपून लावली, तर तुमच्यासारखंच, पानं तेवढी.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : गोव्यात ट्यूलिप हवाच असेल तर तो एका हंगामाचं फूल म्हणून लावावा. थंडी दिलेला नवा कांदा, सकाळचंच ऊन, दुपारी सावली, आणि फुलल्यावर त्याचा आनंद. पुढच्या वर्षी तोच येईल ही आशा धरू नये.

मुलीला कांदे सामानात टाकून आणायला सांगू नका. परदेशातून कांदे आणायला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मातीबरोबर येणारा रोग आपल्या बागायतीत शिरू नये म्हणून हा नियम आहे, आणि तो पाळायलाच हवा. त्यापेक्षा तिच्या अंगणातले ट्यूलिप टिकावेत म्हणून काय करायचं ते तिला सांगा. दरवर्षी आपोआप येणं तिकडेही सगळ्या जातींना जमत नाही. दुहेरी पाकळ्यांची, झालरीची फुलं बहुतेक दोन-तीन वर्षांत विरळ होतात. ‘डार्विन हायब्रिड’ गटातला ‘अपेलडोर्न’, फोस्टेरियाना गटातले ट्यूलिप, किंवा क्लुसियाना आणि टार्डा या रानट्यूलिपच्या जाती वर्षानुवर्षं येत राहतात. यांतला क्लुसियाना तर आपल्या पश्चिम हिमालयातही आढळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठे कांदे १५ ते २० सेंटीमीटर खोल लावायचे, रानट्यूलिपचे लहान कांदे थोडे वर. पाणी साचत नाही अशी जागा निवडायची. पाकळ्या गळल्या की वरचं बोंड खुडायचं, नाहीतर बी धरण्यात शक्ती जाते. पानाला मात्र हात लावायचा नाही, पुरतं पिवळं पडेपर्यंत. गबाळं दिसतं म्हणून लोक पानं कापतात किंवा गाठी मारून ठेवतात, आणि इथेच पुढच्या वर्षीचं फूल जातं.

तुमच्या परसात दरवर्षी येणारं काही हवं असेल तर पावसात जागं होणारा आणि हिवाळ्यात झोपणारा कंद लावा. सियाम ट्यूलिप लावून बघा. नाव ट्यूलिपचं असलं तरी हे हळदीच्या कुळातलं, मूळ थायलंड-कंबोडियाकडचं. मे अखेरीस डोळा वर येतो, पावसात गुलाबी तुरा निघतो आणि तो कुंडीत कितीतरी दिवस टिकतो. दिवाळीनंतर पानं सुकली की पाणी थांबवा आणि कुंडी पडवीत आडोशाला ठेवा. माझ्याकडची एक कुंडी सहा वर्षं अशी येते आहे, आणि दर दोन वर्षांनी मी गड्डे सोडवून मैत्रिणींना देते. जांभ्याच्या लाल मातीत निम्मं शेणखत आणि थोडी जाड रेती मिसळली की पुरे. आपल्या डोंगरकडांवर पावसात फुलणारी रानहळदही याच गणातली. ती रानातून उपटून मात्र आणू नका, तिचं घर तिथेच आहे.

प्रश्न : आमच्या फुटबॉल लिलीला दोन वर्षं नुसती पानं येतात. खत घालते, रोज पाणी घालते.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : रोजचं पाणीच बंद करा. पानं सुकली की मेच्या वळवापर्यंत हा कंद कोरडा राहायला हवा, तरच तो पहिल्या सरीला लाल गोळा वर काढतो. कुंडीत गर्दी झाली असेल तर कंद सोडवून मोठे तेवढे पुन्हा लावा, माथा मातीच्या पातळीला ठेवून. फूल गेल्यावर येणारी पानं पावसाळाभर राहू द्या. माडाच्या सावलीत असेल तर कुंडी अशा जागी हलवा की सकाळचं तीनेक तास ऊन लागेल. कंद विषारी असतो. हाताळल्यावर हात धुवा, आणि घरात रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा.