आधी कान

चिरंजीव,

अभ्यासाला घेतलेली पोंका, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीची भाषा, सोडून एखादी ‘चालणारी’ भाषा घेऊ का, हे विचारायला तू तीन पानं खर्ची घातलीस. त्यात पोंका बोलणारा एकही माणूस नाही. डॉर्सी मात्र अकरा वेळा. मोजलं मी.

डॉर्सीवर माझा राग नाही. 1871 ते 1873 तो पोंकांमध्ये पाद्री म्हणून राहिला, ऐकत राहिला. त्यांच्या भाषेवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ आला 1890 साली. आधी कान, मग कागद! त्यातल्या एका ‘क’साठी त्याने रोमन ‘के’ चक्क उलटा छापला, कारण ‘क’ आणि ‘ख’ यांतला फरक दाखवायची इंग्रजीत सोय नाही. तुझ्या कानाला तो पाटीवरच्या बाराखडीपासून ठाऊक आहे. आणि तू बसलायस उलटे ‘के’ मोजत.

नेब्रास्कातली नायोब्रारा नदीच घे. तिच्या पोंका नावाच्या सुरुवातीला ‘नी’, म्हणजे पाणी, शेवटी ‘खे’. आडव्या पसरलेल्या वस्तूला ‘खे’ लागतो, उभीला ‘थे’, विखुरलेल्यांना ‘गे’. इंग्रजी नकाशात तो ‘खे’ गळाला. 1877 मध्ये पोंकांना याच नदीकाठून हुसकावून इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, नेलं. तिकडे मुलगा वारला, तेव्हा पोंकांचा सरदार स्टँडिंग बेअर त्याच्या अस्थी घेऊन ऐन थंडीत उत्तरेला निघाला, याच नदीकाठी पुरायला. त्या नदीचं नाव तू पुस्तकातून पाठ करणार?

माझी आजी चित्पावनी बोलायची. मी त्याच बोलीवर प्रबंध लिहिला, जुन्या छापील मजकुरांवरून. ती रत्नागिरीला चुलीपाशी बोलत होती, मी पुण्यात ग्रंथालयात. टेपरेकॉर्डर होता रे घरात, त्यावर नाट्यगीतं वाजायची. मार्गदर्शकांना लेखी पुरावा हवा होता, मला नोकरी हवी होती, तेव्हा कोण कुणाच्या आजीला विचारत होतं? सगळी चूक माझी नव्हती. बरीचशी होती.

म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलास तरी: आधी कान. नेब्रास्कातल्या लिंकनहून नायोब्रारा गाव अर्ध्या दिवसाच्या आत येतं. ओक्लाहोमात पोंकांच्या व्हाइट ईगल वस्तीला जायचं तर मुक्कामाची तयारी ठेव. गेल्यावर आधी परवानगी माग, रेकॉर्डर पिशवीतच राहू दे.

आणि एक. पोंकात आज्ञा देताना पुरुष क्रियापदाच्या शेवटी ‘गा’ लावतात, बायका ‘आ’. एखाद्या आजीकडून शिकलास तर तिचा ‘आ’ तुझ्या तोंडी बसेल आणि सगळे हसतील. हसू देत.