तक्ता मिटवा आणि ‘प्रायमर’ परत लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘प्रायमर’ हा काळात मागे जाण्याचा सिनेमा लावला, नवरा अर्ध्या तासात घोरायला लागला, तुम्ही नेटाने शेवटपर्यंत बसलात आणि डोक्यात काही शिरलं नाही. आता कोण कधी काळात मागे गेला ते दाखवणारा नेटवरचा तो रंगीत रेषांचा तक्ता समोर ठेवून परत पाहावा, की नाद सोडावा?

परत पाहा, पण तक्ता न घेता. (खाली सगळी रहस्यं फोडली आहेत. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

मी तो आजवर सहा-सात वेळा पाहिला असेल. पहिल्यांदा हॉस्टेलवर, चौघांत एक लॅपटॉप आणि एका बाजूने फुटलेला स्पीकर. संपल्यावर पहाटेपर्यंत भांडलो. मग मी शहाणपणा करून तक्त्याची प्रिंट काढली आणि दुसऱ्यांदा ती मांडीवर घेऊन बसलो. इतका रटाळ सव्वा तास आयुष्यात दुसरा गेला नसेल. सिनेमातले दोन मित्र एब आणि अ‍ॅरन मागे जातात तशा त्यांच्या प्रती वाढत जातात, त्या मी मोजत होतो. हा दुसरा एब, बरोबर, टिक. हा तिसरा अ‍ॅरन, टिक. सिनेमा पाहतोय की वाण्याची यादी तपासतोय तेच कळेना. तिसऱ्या वेळी प्रिंट हरवली होती, आणि तेव्हा कुठे सिनेमा दिसला.

गोंधळ उडतो त्याचं पहिलं कारण संवाद. शेन करूथ हा गणित शिकलेला, सॉफ्टवेअरची नोकरी केलेला माणूस. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत सगळं त्याचंच, आणि अ‍ॅरनही तोच. खर्च ७,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सव्वातीन लाखांच्या आसपास. तेवढ्यात आपल्याकडे एक बरी सेकंडहँड गाडी आली असती. फिल्म महाग म्हणून बहुतेक प्रसंग एकाच टेकमध्ये उरकलेले. २००४ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात मुख्य ज्युरी पारितोषिक याच सिनेमाला मिळालं. आता हा माणूस पात्रांच्या तोंडी कोणतीही गोष्ट समजावून देत नाही, कारण दोन इंजिनियर गॅरेजमध्ये एकमेकांना समजावत बसत नाहीत. अर्धं वाक्य बोलतात, दुसरा मान हलवतो, विषय पुढे जातो.

लोकलमध्ये समोरच्या बाकावर दोन मोटरमन गप्पा मारत असतील तर आपण काय करतो? नॉच, रेक, कारशेड यातलं अर्धं आपल्याला कळत नाही. पण कोण चिडलाय, कोण काहीतरी लपवतोय, कोण दुसऱ्याला खूश करायला बघतोय, हे कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत बरोबर कळतं. ‘प्रायमर’ तसा ऐकायचा. पहिल्या वीस मिनिटांतली तांत्रिक बडबड कानावरून जाऊ द्या. मात्र इंग्रजी सबटायटल्स लावा. माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, त्यामुळे नुसत्या कानांनी निभाव लागत नाही.

त्या बडबडीतून एवढंच उचला: त्यांना वस्तूचं वजन कमी करणारं यंत्र करायचं होतं. तांब्याची नळी फ्रिजमधून काढलेली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) गाडीचा. आणि वेळेची भानगड लक्षात येते ती बुरशीमुळे! यंत्रात ठेवलेल्या बाहुल्यावर थोड्याच दिवसांत इतकी बुरशी जमते, जितकी जमायला एरवी काही वर्षं लागली असती. वीज नाही, धूर नाही, चकाकणारं चक्र नाही. लोणच्याच्या बरणीवर येते तसली बुरशी. मला तर या एका कल्पनेसाठी करूथचे पाय धरावेसे वाटतात.

आता लक्षात ठेवायचा नियम, आणि खरोखर एवढाच. पुढे ते याच यंत्राचा माणूस मावेल एवढा डबा करतात. तो डबा ही नदी समजा. अलीकडचा काठ दुपारचे तीन, पलीकडचा काठ सकाळचे नऊ, म्हणजे डबा चालू झाला ती वेळ. तुम्ही तीनला उतरता आणि नऊला बाहेर येता, पण पोहायला पूर्ण सहा तास लागतात. मधला पूल नाही. चार दिवस मागे जायचं तर चार दिवस त्या अंधाऱ्या डब्यात पडून राहायचं. आणि डबा चालू केला त्याच्या आधी जाताच येत नाही, कारण तिथे काठच नाही.

म्हणून ते काय करतात? सामान ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या गाळ्यात डबा असतो. सकाळी टायमर लावायचा, म्हणजे थोड्या वेळाने तो आपोआप चालू होईल, तोवर आपण निघून गेलेलो. दिवसभर हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून कोंडून घ्यायचं, कोणाशी संपर्क नाही. दुपारी कुठला शेअर वर गेला ते बघायचं, डब्यात शिरायचं, सकाळी निघायचं, तोच शेअर घ्यायचा. नऊ ते तीन या वेळात जगात तुम्ही दोन असता: एक हॉटेलात, एक बाजारात. तीनला हॉटेलातला डब्यात शिरतो की पुन्हा एकच. हा हिशोब जोवर जुळतो तोवर सगळं ठीक.

पुढचा सगळा सिनेमा हा हिशोब बिघडत जाण्याचा आहे. पहिला तडा मोबाइलमुळे जातो. अ‍ॅरन विसरून फोन हॉटेलात नेतो, बायकोचा फोन येतो, तो उचलतो. तोच फोन खिशात घेऊन मग डब्यातून मागे येतो. आता जगात त्याच नंबरचे दोन फोन आहेत. वेळ झाली की वाजतो कुठला? त्यावर दोघे कुजबुजत जी चर्चा करतात ती ऐकताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. त्याच सुमारास एकाच्या कानातून रक्त येतं आणि दोघांची हस्ताक्षरं बिघडतात. त्याचं कारण कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर भीती गेली असती.

ग्रेंजरचं, म्हणजे एबच्या मैत्रिणीच्या वडिलांचं, कोडं मात्र सोडवू नका. दाढी वाढलेला ग्रेंजर अचानक गाडीत दिसतो, मग बेशुद्ध पडतो. त्याला डब्याचं कोणी सांगितलं हे सिनेमात कुठेच नाही. तक्तेवाले तिथे ठिपक्यांची रेष काढतात आणि मोकळे होतात. मला आधी ही पळवाट वाटायची. आता वाटत नाही, कारण एब आणि अ‍ॅरनलाही ते कळलेलं नाही, आणि त्याच क्षणी दोघांच्या मनात ‘तू तर नाही ना सांगितलंस?’ हा प्रश्न येतो. सिनेमाला तो संशय हवा आहे.

खरी गोष्ट त्या संशयाचीच. एबने गुपचूप एक जादा डबा सुरुवातीपासून चालू ठेवला होता, वेळ आली तर सगळं पुसता यावं म्हणून. अ‍ॅरनला त्याचा पत्ता लागला होता आणि त्याने तो आधीच वापरला होता. म्हणजे एब जेव्हा अंगातलं बळ एकवटून चार दिवस मागे जातो, सगळं थांबवायला बाकावर बसलेल्या मित्राकडे येतो आणि कोसळतो, तेव्हा समोरचा अ‍ॅरन हा त्याला वाटतो तो अ‍ॅरन नसतोच. त्याच्या कानात इअरपीस आहे. आपल्याला वाटतं, ऐकत असेल कसली तरी मॅच. तो आजच्याच दिवसाची संभाषणं ऐकत असतो, आधी टेप करून आणलेली, आणि त्याबरहुकूम बोलत असतो. कितवी प्रत, कुठली रेष, जाऊ दे चुलीत. जिवलग मित्र आपल्याशी पाठ केलेली वाक्यं बोलतोय, एवढं कळलं तरी पोटात खड्डा पडतो.

नवऱ्यासाठी वेगळा उपाय. त्यांना ‘प्रायमर’ परत दाखवू नका, संसार टिकवायचा आहे. ‘बियॉन्ड द इन्फिनिट टू मिनिट्स’ हा २०२०चा जपानी सिनेमा लावा. असाच चिमूटभर पैशात केलेला, जेमतेम सत्तर मिनिटांचा. एका कॅफेच्या मालकाला खोलीतल्या संगणकाच्या पडद्यावर दोन मिनिटांनंतरचं दिसतं, बस्स. कळतोही आणि हसवतोही. तो आवडला तर स्पॅनिश ‘टाइमक्राइम्स’. त्यातही डोकं फिरतं, पण शेवटी जागेवर येतं.

तुम्ही मात्र येत्या रविवारी दुपारी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, ‘प्रायमर’च. सिनेमा ७७ मिनिटांचा आहे, चहाही गार होणार नाही. आणि एब-अ‍ॅरन पहिल्यांदा बाकावर भेटतात तेव्हा बोलणं सोडून अ‍ॅरनच्या कानाकडे बघा. कितव्या मिनिटाला ते मुद्दाम सांगत नाही.