माहिती कमी कोणाकडे होती?

प्रश्न असा होता: कोविडच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना आजाराची माहिती गोऱ्यांपेक्षा कमी होती म्हणतात, ते शिक्षण कमी म्हणून का?

निरीक्षण खरं आहे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये पाच हजारांवर लोकांचं सर्वेक्षण झालं. त्यात रोग कसा पसरतो आणि लक्षणं कोणती, हे कृष्णवर्णीयांना कमी सांगता आलं. पण त्याच सर्वेक्षणात पुरुष बायकांच्या मागे होते आणि पंचावन्नच्या आतले ज्येष्ठांच्या मागे. पुरुष अडाणी का, असं कोणी विचारल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्याच सुमारास 'काळ्यांना हा रोग होत नाही' अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. कृष्णवर्णीय ब्रिटिश अभिनेता इद्रिस एल्बा स्वतः पॉझिटिव्ह निघाला तेव्हा त्याने ती जाहीरपणे खोडून काढली. मी बरीच वर्षं फिलाडेल्फियात राहतोय, आणि ही अफवा या गावाला नवी नाही.

१७९३ साली फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. ऑगस्टमध्ये पीतज्वराची (यलो फीवरची) साथ आली. ज्यांना परवडलं ते गाव सोडून गेले, अध्यक्ष वॉशिंग्टनसुद्धा. तेव्हाचे नामांकित डॉक्टर बेंजामिन रश यांनी कृष्णवर्णीय समाजाच्या पुढाऱ्यांना, रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांना, गळ घातली: तुमच्या लोकांना हा ताप होत नाही, तेव्हा रुग्णसेवेला या. रश खोटं बोलत नव्हते. चार्ल्सटनच्या एका जुन्या साथीचं वर्णन त्यांनी वाचलं होतं, त्यावर विसंबले होते. माणसं आली. रुग्णांची शुश्रूषा केली, प्रेतं उचलली आणि स्वतःही मेली. साथ ओसरल्यावर मॅथ्यू कॅरी नावाच्या प्रकाशकाने आरोप केला की यातल्या काहींनी अव्वाच्या सव्वा पैसे उकळले, चोऱ्या केल्या. ॲलन आणि जोन्सनी १७९४ मध्ये पुस्तिका छापून उत्तर दिलं. त्यात दफनांचा हिशोब आहे: आदल्या वर्षी त्यांच्या समाजातली ६७, साथीच्या वर्षी ३०५.

म्हणजे ही समजूत गल्लीतून नाही, डॉक्टरांकडून आली होती. टस्कीगीचं उदाहरण (तिथे सरकारी डॉक्टरांनी कृष्णवर्णीयांचा उपदंश मुद्दाम उपचाराविना ठेवून अभ्यासला) सगळेच देतात, म्हणून इथे ते उगाळत नाही.

आणि माहिती असून करायचं काय? माझी शेजारीण इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. घरी थांबा, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी लॅपटॉप उघडून बसायचो, ती पहाटेची बस धरायची. नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मुलखात तर कितीतरी घरांत नळच नव्हते. 'हात धुवा' हे त्यांना वेगळं शिकवायची गरज नव्हती.

जाता जाता, अशा सर्वेक्षणांच्या तक्त्यांतला 'एशियन' हा रकानाही मी जपून वाचतो. त्यात न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा मराठी इंजिनिअर आणि नखं रंगवण्याच्या दुकानातली व्हिएतनामी बाई एकाच ओळीत बसतात. त्यातून प्रश्न इंग्रजीत, फार तर स्पॅनिशमध्ये. ज्यांना यातली एकही भाषा येत नाही, ते मोजलेच जात नाहीत.

डॉक्टरांच्या बाजूची एक गोष्टही याच हिशोबात धरा. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली, असं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा घडत होतं, गोऱ्यांत ३.६ टक्के. म्हणजे गडद कातडीवर यंत्र जास्त चुकत होतं. आपण सगळ्यांनी तेच यंत्र बोटाला लावून आकडे वाचले.

अंतर भरून कसं निघतं, तेही इथेच, फिलाडेल्फियात पाहिलं. शहरातल्या चाचणी केंद्रांवर गाडी हवी, डॉक्टरांची चिठ्ठी हवी, अशा अटी असताना बालशल्यविशारद डॉ. आला स्टॅनफर्ड यांनी एप्रिल २०२० पासून चर्चच्या पार्किंगमध्ये चाचण्या सुरू केल्या. जे विचारतील त्यांना तिथेच उत्तर मिळायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेंपल विद्यापीठाच्या लियाकूरस सेंटरमध्ये त्यांनी सलग २४ तास लसी दिल्या. 'या लोकांचा लसीवर विश्वास नाही' असं टीव्हीवर चाललं होतं, आणि बाहेर गोठवणाऱ्या थंडीत रांग लागली होती.