एका होस्टवर जास्तीत जास्त किती व्हीएम? १०२४ हा आकडा विसरा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सत्तर जुने सर्व्हर (त्यांत ६४ जीबीचे दोन डेटाबेस) व्हर्च्युअल करायचे आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या जागी व्हीएम, सॉफ्टवेअरने बनवलेला आभासी संगणक, आणायचा आहे. तीन नवे होस्ट, म्हणजे या व्हीएम चालवणारे खरे सर्व्हर, घ्यायचे ठरलंय, प्रत्येकात १६ कोअरचे दोन प्रोसेसर आणि २५६ जीबी रॅम. सामाईक स्टोरेजमध्ये १०,००० आरपीएमच्या १२ डिस्क, रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो अशी मांडणी). सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांत एका होस्टवर १०२४ व्हीएम चालतात असं लिहिलंय, आणि विक्रेता म्हणतो तिन्ही होस्ट मिळून १२८ आरामात बसतील. खरं काय धरायचं?

दोन्ही आकडे खोटे नाहीत, पण दोन्ही तुमच्या कामाचे नाहीत.

१०२४ ही व्हीएमवेअरचं व्हीस्फिअर आणि मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही, व्हीएम चालवणाऱ्या या दोन्ही सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांत दिसणारी मर्यादा आहे. तिचा अर्थ एवढाच की तितक्या व्हीएमपर्यंत सॉफ्टवेअर स्वतःहून नाही म्हणणार नाही. तुमचं हार्डवेअर केव्हाच हात टेकलेलं असेल. असे आकडे एकदा बघून बाजूला ठेवायचे. अपवाद व्हर्च्युअल डिस्कच्या, म्हणजे व्हीएम जिला आपली डिस्क समजते त्या फाइलच्या, आकाराचा. हायपर-व्हीच्या जुन्या व्हीएचडी फॉरमॅटची फाइल २०४० जीबीच्या पुढे जात नाही, व्हीएचडीएक्स ६४ टीबीपर्यंत जाते आणि व्हीएमवेअरची व्हर्च्युअल डिस्क ६२ टीबीपर्यंत. सत्तरात एखादा तीन-चार टीबीचा फाइल सर्व्हर असेल आणि कुणी सवयीने जुना फॉरमॅट निवडला, तर स्थलांतराच्या मध्यरात्री कळतं.

विक्रेत्याचा १२८ कुठून आला तेही उघड आहे. ३ गुणिले २५६ म्हणजे ७६८ जीबी, सरासरी व्हीएम ६ जीबीची, भागाकार १२८. गणित बरोबर, पण त्यात तिन्ही होस्ट कायम चालू आहेत, हायपरव्हायझर (होस्टवर व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) काही खात नाही आणि डिस्क नावाची वस्तू अस्तित्वातच नाही.

मी हिशोब नेहमी एक होस्ट मेलेला धरून करतो. तीन होस्टच्या क्लस्टरमध्ये (एकमेकांच्या व्हीएम सांभाळणाऱ्या गटात) तुमची क्षमता दोन होस्टची. तिसरा बिघाडासाठी आणि पॅचिंगसाठी (अपडेट चढवण्यासाठी), आणि दोन्हींत पॅचिंगची वेळच जास्त येते. म्हणजे ५१२ जीबी उरले. प्रत्येक होस्टवर हायपरव्हायझर आणि व्हीएमचा ओव्हरहेड मिळून १६ जीबी बाजूला ठेवा, ४८० झाले. वर दहा टक्के मोकळे ठेवा, ४३२. तुमच्या यादीत ६४ जीबीचे दोन डेटाबेस आहेत आणि उरलेल्या ६८ व्हीएमना सरासरी ४ जीबी धरलेत, म्हणजे १२८ अधिक २७२, एकूण ४००. रॅमच्या बाबतीत बसताय. शिल्लक ३२ जीबी, म्हणजे आणखी आठ छोट्या व्हीएम. ‘फक्त एक टेस्ट मशीन द्या’ असं म्हणत येणारे लोक हे आठ किती दिवसांत संपवतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

‘पण रॅम ओव्हरकमिट करता येते ना, म्हणजे असेल त्यापेक्षा जास्त वाटता येते ना?’ येते. ईएसएक्सआयवर (व्हीस्फिअरच्या हायपरव्हायझरवर) आधी बलूनिंग (व्हीएमकडून रॅम परत मागून घेणं), मग कॉम्प्रेशन, शेवटी स्वॅप अशी पायरी आहे. वेगवेगळ्या व्हीएममधली रॅमची सारखी पानं (तुकडे) एकत्र करण्याची जुनी सोय मात्र २०१४ नंतर सुरक्षेच्या कारणाने मुळात बंदच येते, त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लेखांतल्या बचतीच्या गोष्टी आज धरून चालू नका. हायपर-व्हीवर स्टॅटिक मेमरी दिली असेल तर तेवढी रॅम होस्टवर खरोखर मोकळी लागते, नाहीतर व्हीएम सुरूच होत नाही. ओव्हरकमिट मी बिघाडाच्या चार तासांत ढकलून न्यायला वापरतो, नियोजनाच्या तक्त्यात त्याला जागा नाही.

आता एक प्रसंग सांगतो, कारण बेरजेने जे कळत नाही ते त्यातून कळेल. आधीच्या नोकरीत आमचा तीन होस्टचा हायपर-व्ही क्लस्टर होता. रात्री एका होस्टचा मदरबोर्ड गेला. फेलओव्हर झालं, म्हणजे त्याच्यावरच्या व्हीएम उरलेल्या दोन होस्टवर सुरू व्हायला लागल्या, एकेक व्हीएम उठली, आणि हिशोबाच्या डेटाबेसची ६४ जीबीची व्हीएम मात्र ‘पुरेशी मेमरी नाही’ म्हणून बसून राहिली. मोकळी रॅम ९० जीबी! पण ती होती कशी, तर एका होस्टवर ३८ आणि दुसऱ्यावर ५२. पहाटे तीन वाजता आम्ही छोट्या व्हीएम या होस्टवरून त्या होस्टवर सरकवत बसलो, लहान मुलांच्या ठोकळ्यांच्या कोड्यासारखं, तेव्हा कुठे एका बाजूला ६४ ची जागा झाली. दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते डेटाबेसना स्टार्टअपचा वरचा अग्रक्रम द्यायचं, म्हणजे मोठे दगड आधी बसतात आणि वाळू नंतर. तुमच्या दोन मोठ्या व्हीएमचंही तसंच करा. कुठलाही एक होस्ट गेला तर प्रत्येक मोठी व्हीएम नेमकी कुठे जाऊन बसेल, हे कागदावर होस्टचं नाव घालून लिहा. एकूण बेरीज पुरेशी असणं म्हणजे जागा असणं नव्हे.

सीपीयूची काळजी तुमच्या बाबतीत सगळ्यात कमी. दोन होस्टचे ६४ कोअर. ६८ व्हीएमना दोन-दोन व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) म्हणजे १३६, डेटाबेसना आठ-आठ म्हणजे १६, एकूण १५२. भागिले ६४, कोअरमागे अडीचच्या आत. सर्वसाधारण ऑफिसच्या कामाला ४ ला १ पर्यंत मी बिनधास्त जातो. हायपरथ्रेडिंगमुळे स्क्रीनवर होस्टमागे ६४ लॉजिकल प्रोसेसर दिसतील, त्यांना भुलू नका. दुसरा थ्रेड म्हणजे दुसरा कोअर नव्हे, त्यातून साधारण २०-३० टक्के जास्तीचं काम निघतं. मोजायचे ते खरे कोअर.

इथे गडबड कोअर कमी पडल्याने होण्यापेक्षा व्हीसीपीयू वाटेल तसे वाटल्याने जास्त होते. एका टीमचं रिपोर्टचं मशीन हळू चालायचं. त्यांनी चार व्हीसीपीयू मागितले, दिले. आणखी मागितले, आठ दिले. जास्तच हळू झालं. ईएसएक्सटॉप (ईएसएक्सआयवर भार दाखवणारं साधन) उघडून पाहिलं तर रेडी टाइम व्हीसीपीयूमागे १८ टक्के! म्हणजे व्हीएमला काम करायचंय आणि कोअर मिळत नाही म्हणून ती रांगेत उभी आहे. एका व्हीएमचे सगळे व्हीसीपीयू साधारण बरोबरीने पुढे न्यावे लागतात. एखादा फार मागे पडला की पुढच्यांना थांबवलं जातं, आणि गर्दीच्या होस्टवर आठ जणांना असं सांभाळून न्यायचं म्हणजे कठीण. दोनवर आणलं आणि रिपोर्ट वेळेत यायला लागला. त्या टीमला आम्ही ‘सिस्टिम ट्यून केली’ एवढंच सांगितलं. व्हीसेंटरच्या (व्हीस्फिअर सांभाळायच्या साधनाच्या) रिअल टाइम आलेखात हा आकडा मिलिसेकंदांत दिसतो आणि एक ठिपका २० सेकंदांचा असतो, म्हणून व्हीसीपीयूमागे १००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के. त्याच्या वर गेला की मी व्हीसीपीयू कापायला घेतो.

डेटाबेसबद्दल आणखी एक. तुमच्या होस्टमध्ये एका प्रोसेसरच्या वाट्याला १६ कोअर आणि १२८ जीबी रॅम येते. व्हीएम त्या चौकटीत राहिली की तिची मेमरी तिच्या प्रोसेसरजवळ राहते. ८ व्हीसीपीयू, ६४ जीबी छान बसतं. उद्या कुणी २० व्हीसीपीयू मागितले तर आधी त्यामागचं कारण विचारा.

आता डिस्क. तुम्ही मूळ प्रश्नात रॅमवर चार ओळी लिहिल्यात आणि डिस्कवर अर्धी, पण माझ्या मते तुमची योजना अडणार ती इथेच.

१०,००० आरपीएमची एक डिस्क सेकंदाला साधारण १४० वाचन-लेखनाची कामं करते, म्हणजे १४० आयओपीएस. बारांचे १६८०. पण रेड ५ मध्ये एक छोटं लेखन म्हणजे प्रत्यक्षात चार कामं: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत मिळवायची जादा माहिती) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. वाचन ६० आणि लेखन ४० टक्के धरलं तर १६८० ला ०.६ अधिक १.६ म्हणजे २.२ ने भागायचं. हातात आले ७६४. सत्तर व्हीएममध्ये वाटले तर प्रत्येकीला अकरा. अकरा! आणि त्यात दोन डेटाबेस आहेत. रेड १० (प्रत्येक डिस्कची जोडीला पूर्ण प्रत) केलंत तर लेखनाला दोनच कामं, भाजक १.४, हातात १२००. म्हणजे व्हीएममागे सतरा, आणि साठवणीची जागा घटून कच्च्या क्षमतेच्या निम्मी. कंट्रोलरचा कॅश (त्याची तात्पुरती मेमरी) छोटे झटके झेलतो, दिवसभराचा सततचा भार झेलत नाही.

बरं, हे ७६४ सुद्धा शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येत नाहीत. रांगेचं साधं गणित असं की काम करणारा ५० टक्के व्यग्र असेल तर एका विनंतीला रिकाम्या वेळेच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट. म्हणून ‘अजून वीस टक्के शिल्लक आहे’ हे वाक्य रॅमच्या बाबतीत ठीक, डिस्कच्या बाबतीत धोक्याचं. तोवर वापरणाऱ्यांचे फोन सुरू झालेले असतात.

शिवाय सगळ्या व्हीएम एकदम भुकेल्या होण्याचे प्रसंग असतातच. होस्ट गेला की त्यावरच्या तेवीस-चोवीस व्हीएम एकाच वेळी बूट होतात. अँटिव्हायरसचं स्कॅन एकाच साच्यातून आलेल्या सत्तर मशीनवर ठरल्या ठोक्याला सुरू होतं. वेगवेगळ्या पेट्यांमध्ये होते तोवर हे कुणाला जाणवत नव्हतं, कारण प्रत्येकाची डिस्क वेगळी होती. आता सगळे एकाच बारा डिस्कांवर तुटून पडणार. स्कॅन आणि बॅकअपच्या वेळा पसरवून टाका. हे काम फुकटात होतं आणि फरक लगेच दिसतो.

तुमच्या जागी मी असतो तर चौथा होस्ट घ्यायचं मनात आलं तरी तो विचार सोडून तो पैसा एसएसडीकडे वळवला असता, निदान डेटाबेस आणि त्यातल्या त्यात जास्त लिहिणाऱ्या व्हीएमपुरता. मग अडचण सरकून नेटवर्कवर येईल. आयएससीएसआय (नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत) १ गिगाबिटवर असेल तर एका लिंकमधून सेकंदाला ११०-१२० एमबीच्या पुढे काही जात नाही, तेव्हा स्टोरेजसाठी १० गिगाबिट हवंच. नेटवर्कवर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं तुमच्या बाबतीत नाही.

जागेचा हिशोब आयओपीएसपेक्षा सोपा वाटतो, आणि म्हणूनच फसवतो. सगळ्या व्हर्च्युअल डिस्कांची बेरीज म्हणजे जागा नव्हे. ईएसएक्सआयवर प्रत्येक चालू व्हीएमची एक स्वॅप फाइल असते, दिलेल्या मेमरीतून राखीव मेमरी वजा करून उरेल तेवढ्या आकाराची. तुम्ही काहीच राखीव ठेवलं नाही तर तुमचे ४०० जीबी नुसते याच फाइलींत जातील, आणि यादीत त्यांचा कुठे उल्लेखही नसतो. मग स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची एका क्षणाची जपून ठेवलेली स्थिती. व्हीएमवेअरचा स्वतःचा सल्ला आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आमच्याकडे एक ‘अपग्रेडपूर्वीचा’ स्नॅपशॉट पाच महिने जुना सापडला होता आणि तो मूळ डिस्कच्या जवळजवळ पाऊण आकाराचा झाला होता. थिन प्रोव्हिजनिंग (डिस्कची जागा आधी न अडवता लागेल तशी देणं) करायला हरकत नाही, पण डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा) शंभर टक्के भरला की लिहू पाहणाऱ्या व्हीएम जागच्या जागी थांबतात, आणि तेव्हा जागा करायला जुना स्नॅपशॉट काढून टाकावा म्हटलं तर त्यालाही जागा लागू शकते. ७५ टक्क्यांना इशारा, ८५ ला नवी व्हीएम बंद, असा नियम आधीच लेखी करून घ्या.

लायसन्सही मर्यादाच आहे, फक्त ती हार्डवेअरवर दिसत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये होस्टचे सगळे कोअर एकदा लायसन्स केले की दोन विंडोज व्हीएम चालवता येतात. एक होस्ट गेल्यावर उरलेल्यांवर प्रत्येकी ३५ व्हीएम येणार. त्या सगळ्या विंडोजच्या असतील तर तेच ३२ कोअर अठरा वेळा लायसन्स करावे लागतील. त्यापेक्षा डेटासेंटर आवृत्तीच बरी, तिथे व्हीएमच्या संख्येला बंधन नाही.

आणि हे सगळे आकडे मी सरासरीवर केलेत, तुमच्याकडे खरे असायला हवेत. जुन्या सर्व्हरवर आत्तापासून मोजणी लावा, विंडोजवर पर्फमॉन, लिनक्सवर सार आणि आयओस्टॅट. निदान एक महिना, म्हणजे महिनाअखेर त्यात येते. बेरीज करताना प्रत्येकाची कमाल घेऊन मिळवू नका, त्याने आकडा उगाच फुगतो. सत्तरही मशीनचं एकाच घड्याळावेळेचं वाचन एकत्र करा आणि त्या बेरजेची कमाल शोधा. नमुने मिनिटाला एक तरी घ्या. पंधरा मिनिटांच्या सरासरीत तीस सेकंदांचा कडेलोट दिसतच नाही. वाचन-लेखनाचं प्रमाण वेगळं नोंदवा, कारण वरच्या भागाकारातलं २.२ सगळं त्यावर ठरतं. तुमच्याकडे लेखन २० टक्केच निघालं तर भाजक १.६ होतो आणि ७६४ चे १०५० होतात, मग बारा डिस्कांवरही कदाचित निभेल.