वाळूवर ओढली जाणारी होडी आणि विषाविना लेप

खानापूरहून आपण विचारले आहे की, कारवारजवळ माजाळीला आपल्या दाजींची फायबरची होडी आहे, तिच्या तळाला दरवर्षी तांबे मिसळलेला रंग द्यावा लागतो, आणि त्याऐवजी पाण्यात विष न सोडता शेवाळ रोखणारा पॉलिमरचा लेप घेणे शहाणपणाचे ठरेल का. जोडीला शेततळ्याच्या कागदावर असा लेप देऊन शेवाळ रोखता येईल का, हाही प्रश्न आहे. बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यांसाठी लेप देण्याचे काम मी बरीच वर्षे केले असून असे काही लेप कारवारच्या पाण्यात टांगूनही पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘शेवाळ रोखणारा’ हे वर्णन वाचून आपण ज्याची अपेक्षा धरली आहे, ते अशा पॉलिमर लेपांतला मुख्य, म्हणजे सिलिकॉनचा लेप करीत नाही. तांब्याचा रंग हळूहळू तांबे सोडत राहतो आणि चिकटायला आलेला जीव मरतो किंवा परत फिरतो. सिलिकॉनवर मात्र जीव येऊन बसतातच. फक्त त्यांची पकड कच्ची राहते आणि होडी वेगात चालली की पाण्याच्या रेट्याने ते सुटून जातात. होडी जागेवर उभी असेल तर सोडवणार कोण?

विषाविना लेपांच्या संशोधनाला जोर आला तो कथिलाच्या एका संयुगामुळे. ट्रायब्युटिलटिन घातलेले रंग अतिशय गुणकारी होते, पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांचे शिंपले वेडेवाकडे वाढू लागले आणि १९८२ मध्ये तिथे लहान बोटींवर या रंगांना बंदी आली. पुढे शंखवर्गातील माद्यांना नराची इंद्रिये फुटत असल्याचेही याच रसायनाशी जोडले गेले. जहाजांवर असे रंग बंद करणारा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. तेव्हापासून बाजाराचा मोठा हिस्सा तांब्याकडे आहे.

आता मूळ मुद्दा. आपल्यासारखेच मलाही प्रथम वाटले होते की, डोशाच्या तव्यावर चालतो तो टेफ्लॉनच इथे का चालू नये? पृष्ठभागाची ऊर्जा (म्हणजे दुसऱ्या पदार्थाला धरून ठेवण्याची त्याची ओढ) जितकी कमी तितके चिकटणे कमी, असा साधा हिशेब मनात होता. टेफ्लॉनची ऊर्जा सिलिकॉनपेक्षाही कमी असते. तरीही रॉबर्ट बायर या संशोधकाने दाखवून दिल्याप्रमाणे जीवांची पकड सर्वांत कमी असते ती या ऊर्जेच्या साधारण २० ते ३० मिलिन्यूटन प्रति मीटर या पट्ट्यात, आणि सिलिकॉन त्याच पट्ट्यात बसते. शिवाय सिलिकॉन मऊ, रबरासारखे असते. बार्नॅकलचे (होडीच्या तळाला चिकटणाऱ्या कवचधारी समुद्री जीवाचे) कठीण बूड अशा मऊ थरावरून एकदम निखळत नाही, एका कडेने उचटत जाते. भाकरीची कड उलथण्याने सुटली की उरलेली भाकरी आपोआप वर येते, तसे. टेफ्लॉन ताठ असतो आणि त्यातील सूक्ष्म छिद्रांत जीवांचा डिंक शिरून घट्ट होतो. माझ्या टांगलेल्या पट्ट्यांवर हेच दिसले: सिलिकॉनवरचे बार्नॅकल अंगठ्याने सरकले, टेफ्लॉनवरचे खरवडावे लागले आणि त्यांची बुडे तिथेच राहिली.

परंतु आपला प्रश्न शेवाळाचा आहे, आणि तिथेच सिलिकॉन उणे पडते. हिरवे पानासारखे उल्वा शेवाळ सिलिकॉनवरून बऱ्यापैकी सुटते. डायाटम नावाचे एकपेशीय शैवाल, ज्यांचा तपकिरी बुळबुळीत थर हाताला लागतो, ते मात्र पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागालाच अधिक घट्ट धरतात आणि वेगवान जहाजावरूनही तो थर पुरता जात नाही. म्हणून अलीकडे पाण्याला ओढून धरणारे पॉलिमर वापरून पाहिले जातात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा एकाच साखळीवर धन आणि ऋण असे दोन्ही भार असलेले पॉलिमर आपल्याभोवती पाण्याचा असा घट्ट थर बांधतात की जीवाच्या डिंकाला त्याला बाजूला सारणे जड जाते. हे एकटे समुद्रात फार टिकत नाहीत, म्हणून सिलिकॉनमध्ये मिसळून दोन्ही स्वभावांचा लेप करतात. फ्लोरिडा विद्यापीठात अँथनी ब्रेनन यांनी शार्कच्या कातडीवरून सुमारे २ मायक्रॉन रुंदीच्या रेघांची नक्षी काढली आणि प्रयोगशाळेत उल्वाचे बीजाणू बसण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. विषाचा थेंबही नाही, केवळ आकाराची करामत. मला स्वतःला हे काम सर्वांत देखणे वाटते, पण होडीच्या तळावर ती नक्षी उठवणे आणि टिकवणे ही निराळीच गोष्ट आहे.

माजाळीच्या होडीसाठी माझे उत्तर स्पष्ट ‘नको’ असे आहे, आणि त्याचे मुख्य कारण वाळू आहे. होडी किनाऱ्यावर ओढली की मऊ सिलिकॉन पहिल्याच आठवड्यात ओरखडते आणि ओरखड्यात शेवाळ आधी धरते. वेगाचा हिशेबही जुळत नाही, कारण या लेपांना साधारण १० ते १५ नॉटची (नॉट हे समुद्रावरील वेगाचे माप) नियमित धाव लागते, तर जाळे ओढताना बोट ३ नॉटच्या आसपास रेंगाळते. दुरुस्ती तर डोकेदुखीच आहे. एकदा एका विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून मी इपॉक्सीवर (कडक होणाऱ्या राळेच्या थरावर), मधला जोडथर न देता, थेट सिलिकॉन चढवले आणि ते महिन्याभरात सापाच्या कातेसारखे निघाले. त्याच शेडमध्ये नंतर मारलेल्या साध्या रंगालाही सिलिकॉनच्या तुषारांमुळे माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडत राहिले.

उलट, होडी रोज वाळूवर येऊन वाळत असेल, तर तांब्याच्या रंगाची तरी गरज आहे का, हे दाजींना विचारावे. रोज कोरड्या होणाऱ्या तळावर शेवाळाचा जम बसत नाही. कठीण इपॉक्सी आणि आठवड्याला एकदा ब्रश एवढ्यावर भागते. होडी काळी नदीच्या मुखाशी आठवडेच्या आठवडे पाण्यातच नांगरून राहत असेल, तर तूर्त तांबेच ठेवावे.

शेततळ्यातले शेवाळ बहुतेक पाण्यात तरंगणारे आणि खताच्या निचऱ्यावर वाढणारे असते. कागदाला कोणताही लेप दिला तरी ते कमी होणार नाही. सावली करा आणि शेतातले वाहते पाणी तळ्यात येऊ देऊ नका.

एवढे सांगूनही प्रयोग करायचाच असेल, तर पाऊस संपून खाडीचे पाणी पुन्हा खारट झाल्यावर करा, कारण पावसाळ्यात नदीच्या गोड्या पाण्याने समुद्री जीव तसेही मरतात आणि लेपाला फुकटचे श्रेय मिळते. विक्रेत्याला लेप घट्ट होण्यासाठी कथिलाचे संयुग वापरले आहे का आणि त्यातून सिलिकॉनचे तेल पाझरते का, हे आधी विचारा. ‘बिनविषारी’ लिहिलेल्या डब्यातही ही दोन्ही असू शकतात. फायबरच्या हातभर पट्ट्यांपैकी एक कोरी, एक तांब्याची आणि एक सिलिकॉनची, अर्धा मीटर खोल टांगा, आणि दोन महिन्यांनी त्या घासण्यापूर्वी प्रत्येकीवर बोट फिरवून पाहा.