तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी!

हे वाक्य मला व्यसनमुक्तीच्या कामात सारखं ऐकू येतं. नागपूरचे एक ऑटोचालक (ओळख बदलली आहे) तेच सांगत आले. रोजचे चार-पाच खर्रे (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेले) होते. बायकोच्या धाकानं तंबाखू बंद केली, पण रिकामं तोंड सहन होईना म्हणून सुपारी-चुना सुरूच. "मॅडम, मग तोंड काहून उघडत नाही? कॅन्सर झाला का?"

सावजी रस्सा तोंडात घेतला की आग होते, म्हणून ते दहीभातावर आले होते. स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोन जेमतेम गेली. दंतवैद्यांनी कागदावर लिहिलं होतं, ओरल सबम्युकस फायब्रोसिस.

या आजाराचं मुख्य कारण सुपारीच. तिच्यातल्या अरेकोलिन या रसायनामुळे गालाच्या आत कोलॅजनचे तंतू जास्त बनतात आणि मोडतात कमी. अस्तर पांढुरकं, ताठ होत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 च्या अहवालात तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, पण पूजेच्या ताटातल्या सुपारीवर संशय कोण घेणार?

त्यांना स्पष्ट सांगितलं: हा कॅन्सर नाही, त्याच्या आधीची धोक्याची अवस्था आहे. सगळ्यांचं पुढे जात नाही, पण कोणाचं जाईल हे आधी कळत नाही. म्हणून तपासणी चुकवायची नाही. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर लगेच डॉक्टर गाठायचे. गरज वाटली तर ते तुकडा काढून तपासतील. ताठ झालेला गाल पूर्ववत होईल असं वचन मी देत नाही. सुपारी थांबली तरच उपचाराला आणि दातांमध्ये आईस्क्रीमच्या काड्या ठेवून करायच्या व्यायामाला अर्थ राहतो.

तलफ स्टँडवर सवारीची वाट पाहताना यायची. तिथे भाजलेले फुटाणे जवळ ठेवायचे ठरलं. बायकोला खिसे तपासणं बंद करायला सांगितलं. त्यानं पुड्या फक्त सीटखाली जात होत्या. कोणाशी बोलावंसं वाटलं तर म्हणून 1800-11-2356 ही मोफत क्विटलाइनही (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) दिली.

दोन महिन्यांनी आग कमी झाली, तोंड मात्र फारसं उघडलं नव्हतं. मध्ये एका लग्नात खर्रा खाल्ल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं. त्या दिवशी सुपारीचे तोटे बाजूला ठेवले आणि साळ्यानं घोटलेला खर्रा पुढे केला तर चारचौघांत 'नको' कसं म्हणायचं, याचीच तालीम केली.