मोबाइलवर वाय-फाय नीट, डेस्कटॉपवरच का तुटतं?

प्रश्न: घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरमध्ये राहतो. राउटर हॉलमध्ये, डेस्कटॉप आतल्या बेडरूममध्ये. कॉम्प्युटरच्या मागे यूएसबीचा छोटा वाय-फाय डोंगल लावलाय. नेट मधूनच जातं, मिनिटभराने आपोआप येतं. त्याच खोलीत मोबाइल मात्र व्यवस्थित चालतो. इंटरनेटवाले लाइन ओके असल्याचं सांगतात. नवा राउटर घ्यावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: राउटरवर आत्ता पैसे घालू नका. आधी मोबाइलचा डेटा बंद करून तो फक्त वाय-फायवर चालवून बघा. वाय-फाय अडखळलं की बरेच फोन गुपचूप डेटावर जातात आणि आपल्याला वाटतं वाय-फाय ठीक आहे.

मग दोष नक्की कुठे आहे ते पकडा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा आणि ‘डिफॉल्ट गेटवे’समोरचा आकडा, म्हणजे राउटरचा पत्ता, टिपून घ्या. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता पिंग (ping), तो आकडा आणि शेवटी डॅश टी (-t), अशी आज्ञा द्या; पिंग त्या पत्त्याला सतत हाक मारतं आणि उत्तर किती वेळात आलं ते दाखवतं. दुसऱ्या खिडकीत तसंच पिंग ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला लावा. दोन्ही चालू ठेवून काम करत राहा. नेट जाईल तेव्हा राउटरची उत्तरं नेहमीसारखी, म्हणजे साधारण १० मिलिसेकंदांच्या आत येत असतील आणि फक्त ८.८.८.८ थांबलं असेल, तर दोष राउटरच्या पलीकडचा. त्या स्क्रीनचा फोटो इंटरनेटवाल्यांना पाठवा. राउटरकडूनच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर घरातलंच वाय-फाय तुटतंय.

तुमच्या वर्णनावरून दुसरी शक्यता जास्त, आणि पहिला संशय डोंगलच्या जागेवर. समोर पत्र्याचं कॅबिनेट, मागे भिंत, भोवती वायरींचा गुंता आणि त्यात नखाएवढी अँटेना! शेजारच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात हार्ड डिस्क असेल तर आणखी पंचाईत. यूएसबी ३ च्या वायरीतून निघणारा गोंगाट नेमका वाय-फायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) २.४ च्या पट्ट्यात पडतो; इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून मांडलं होतं. तपासायचं असेल तर त्या डिस्कवर मोठी फाइल कॉपी करत पिंगकडे बघा. आकडे उसळले किंवा उत्तरं तुटली तर चोर सापडला. एक ते दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणा, डोंगल टेबलावर उंच आणि मोकळा ठेवा. डोंगल यूएसबी २ चा असेल तर केबल काळ्या पोर्टात लावा. डिस्क दूर सरकवा. खर्च अगदी किरकोळ आहे, म्हणून हे सगळ्यात आधी करा.

मग पॉवर सेटिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा. ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी असते, ती खूण काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करा.

भिंतींचंही बघावं लागेल. मायवान पद्धतीच्या (अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या) टॉवरमध्ये आतल्या भिंतीही विटांच्या नसून सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात. तिथे ५ गिगाहर्ट्झ दोन भिंतींत दमतं. २.४ पलीकडे पोचतं, पण त्यावर अख्ख्या मजल्याची गर्दी. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं देऊन दोन्हीवर पिंग बघा. २.४ ठेवलंत तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. मधलं ३ किंवा ४ घेतलं तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते.

डेस्कटॉप जागचा हलत नसेल तर आमचं मत स्पष्ट आहे: राउटरपासून कॅट-६ ही नेटवर्कची केबल टाका. १०० मीटरपर्यंत ती एक गिगाबिट वेग देते, तुम्हाला १५-२० मीटर पुरेल. स्कर्टिंगवरून पट्टीतून न्या. विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र घालू नका.

प्रश्न: नवा कॉम्प्युटर जोडून घेतला. मदरबोर्डमध्येच वाय-फाय आहे, तरी राउटरपासून दहा फुटांवर एकच दांडी दिसते. (खारघर)

उत्तर: मागे दोन सोनेरी आट्यांची टोकं उघडी दिसतात का? त्यांवर बसवायच्या अँटेना मदरबोर्डच्या खोक्यातच राहिल्या असतील. दोन्ही हाताने घट्ट बसवा. वायरवाली अँटेना असेल तर ती कॅबिनेटच्या वर ठेवा, मागे लटकवू नका.

प्रश्न: विंडोज अपडेटनंतर डोंगल सारखा डिस्कनेक्ट होतो. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, ड्रायव्हर कुठून आणू? (नेरूळ)

उत्तर: आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणून बघा. ते बटण फिकं असेल तर ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्हीआयडीपुढे (VID, म्हणजे कंपनीचा क्रमांक) ०बीडीए (0BDA) असेल तर चिप रिअलटेक कंपनीची. त्यापुढचा पीआयडी (PID, म्हणजे उपकरणाचा क्रमांक) इंटरनेटवर शोधलात की चिपचा नेमका क्रमांक मिळतो. त्याच क्रमांकाचा ड्रायव्हर घ्या. फुकट ‘ड्रायव्हर अपडेटर’ मात्र मुळीच उतरवून घेऊ नका.